‘ताई, आईला सांगू नकोस’

प्रश्न, थोडक्यात: मी 25 वर्षांची, पुण्यात नोकरी करते. धाकटी बहीण 17 वर्षांची, साताऱ्याला आईबाबांकडे असते, बारावी सायन्सला आहे. वर्षभरात ती फार वाळली आहे. तूप, भात, गोड सगळं बंद. आमच्यासाठी मात्र रोज नवे पदार्थ करते आणि आग्रह करकरून वाढते. पाच महिने पाळी आलेली नाही. डॉक्टर म्हणाले पीसीओडी असेल, सोनोग्राफी करा. गेल्या महिन्यात तिने मला सांगितलं, की जास्त खाल्लं गेलं तर ती बाथरूममध्ये जाऊन उलटी काढते. ‘आईला सांगू नकोस’ म्हणून गळ्याची शपथ घातली. जेवणावरून आईचं आणि तिचं रोज वाजतं. बाबा म्हणतात, बारावी झाली की सगळं जागेवर येईल. गेल्या वर्षी मी स्वतः जिम लावून वजन उतरवलं होतं, ते बघून हिने हे सुरू केलं का? दर शनिवार-रविवार मी घरी जाते, तेव्हा नक्की काय करू? आणि ती माझ्या जुन्या जीन्स मागते आहे, त्या देऊ का?

उत्तर:

शपथेपासून सुरू करते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यांत जड गोष्ट तीच आहे. ती शपथ तुम्हाला पाळता येणार नाही. आधी उपासमार आणि वर उलट्या, यात शरीरातलं पोटॅशियम खाली जातं, आणि ते फार खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बाहेरून काही कळत नाही. मुलगी सकाळी क्लासला जाते, संध्याकाळी तुमच्यासाठी पोह्यांना फोडणी घालते आणि आत रक्तातली पातळी घसरत असते. मनाच्या आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांमध्ये अ‍ॅनोरेक्सियाची, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवत नेणाऱ्या आजाराची, गणना होते. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. शपथ मोडताना हात थरथरला तर आठवावं म्हणून लिहिते आहे.

मात्र ती मोडायची कशी, याला फार महत्त्व आहे. तिच्या अपरोक्ष आईच्या कानात नको. या शनिवारी दोघीच असताना तिला सांगा, ‘तू सांगितलंस ते मी महिनाभर पोटात ठेवलं. मला रात्री झोप लागत नाही. हे माझ्या एकटीच्याने पेलत नाही गं. उद्या दुपारी आपण आईबाबांशी बोलू. तू सांगणार असशील तर मी शेजारी बसते. नाहीतर मी सांगते, तू शेजारी बस.’ ती रडेल, चिडेल, ‘तुला सांगून घोडचूक केली’ म्हणेल. आठ-पंधरा दिवस तुमच्याशी अबोला धरेल. धरू द्या. बरी झाल्यानंतर एका मुलीने मला सांगितलं होतं, ‘ताईने घरी फोडलं तेव्हा तिचा गळा दाबावासा वाटला. आणि त्याच रात्री कितीतरी महिन्यांनी मला शांत झोप लागली.’ तुमच्या बहिणीने तुम्हाला सांगितलं, याचा अर्थच असा की तिच्यातल्या एका कोपऱ्याला हे कुणाला तरी कळायला हवं होतं. लहानपणी दुसऱ्याने ‘सुटली’ म्हटलं की शपथ सुटायची, तसं या वयात ती म्हणणार नाही. तुम्हालाच म्हणावं लागेल.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र शनिवारचीही वाट बघायची नाही: चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं किंवा धडधड, उलटीत रक्त, पाणीसुद्धा बंद करणं, हातपाय गार आणि नाडी फार मंद लागणं, ‘जगून काय करू’ अशी भाषा. यातलं काहीही असेल तर सरळ हॉस्पिटल, आणि तिथे पहिल्याच वाक्यात ‘ही महिनोन् महिने नीट जेवत नाही आणि उलट्या काढते’ हे सांगायचं. हे न सांगितल्यामुळे सलाईन लावून, ‘अशक्तपणा आहे, फळं खा’ म्हणून घरी पाठवलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

आता पीसीओडीबद्दल. सोनोग्राफी करायला हरकत नाही, पण ती करायला सांगणाऱ्या डॉक्टरांना वजन किती उतरलं आणि उलट्या होतात हे कुणी सांगितलं होतं का? बहुधा नाही. शरीराला पुरेसं मिळेनासं झालं की ते आधी परवडणाऱ्या गोष्टी बंद करतं, आणि पाळी त्यातली एक. इथे एक धोका आहे. पीसीओडीचा शिक्का बसला की पाठोपाठ ‘वजन आटोक्यात ठेवा, गोड-भात कमी करा’ हा सल्ला येतो. तो सल्ला हिच्या हातात पडला, तर तिचा आजार डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून तुमच्याशी भांडेल.

पहिली भेट फिजिशियनची किंवा वयात येणाऱ्या मुलांना तपासणाऱ्या बालरोगतज्ज्ञांची घ्या. नाडी, झोपून आणि उभं राहून घेतलेला रक्तदाब, ईसीजी, सोडियम-पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, साखर, सीबीसी एवढं तरी व्हायला हवं. आणि रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून पेढे वाटू नका. उपाशी शरीर शेवटपर्यंत रक्तातले आकडे सावरून धरतं. रिपोर्ट नॉर्मल आणि मुलगी गंभीर, असं आम्ही नेहमी बघतो. तिलाही ते कागद दाखवून ‘बघ, काही झालं नाही’ असं कुणी म्हणू नये. तिला तेच ऐकायचं असतं.

त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे विचारायला लाजू नका. आणखी दोन प्रश्न फोनवरच विचारा: खाण्याच्या विकारांचे रुग्ण तुम्ही पाहता का, आणि उपचारात घरच्यांना बरोबर घेता का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही, मुलीशी एकटीशीच बोलू’ असं आलं, तर 17 वर्षांच्या मुलीसाठी मी दुसरा पत्ता शोधेन. तुम्ही पुण्यात आहात, तिथे शोधणं सोपं जाईल. साताऱ्यात तोवर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आहे. 2022 च्या ऑक्टोबरपासून केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन सुरू आहे, नंबर 14416, मराठीत बोलता येतं. आजाराचा पूर्ण उपचार फोनवर होणार नाही, पण आईबाबांना ‘हा आजार आहे’ हे परक्या माणसाच्या तोंडून ऐकवायला तो फोन उपयोगी पडतो. घरच्या मोठ्या मुलीपेक्षा फोनवरच्या अनोळखी बाईंवर बाबांचा विश्वास पटकन बसतो, हा माझा अनुभव आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आणखी एक, ती 18 ची व्हायच्या आत आईबाबांना सहीचा अधिकार आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात अल्पवयीन मुलांसाठी पालकच निर्णय घेतात. 18 पूर्ण झाले की तिची संमती लागते, आणि आजाराने पकडलेलं मन सहसा संमती देत नाही. त्याच कायद्याने विमा कंपन्यांनाही शारीरिक आजारांसारखाच मानसिक आजारांचा विमा द्यायला सांगितलं आहे, तेव्हा पॉलिसीचे कागद काढून ठेवा.

‘बारावी झाली की’ हे बाबांचं म्हणणं मला समजतं. फेब्रुवारी सगळ्याच घरांच्या छातीवर बसलेला असतो. पण आज काविळीचं निदान झालं असतं तर त्यांनी परीक्षेपर्यंत थांबायचं म्हटलं असतं का? परीक्षा पुढच्या वर्षीही देता येते. शिवाय उपाशी डोक्याने ती अभ्यासाला बसते तेव्हा पुस्तक समोर असतं आणि मनात रात्री कोण काय जेवणार याचं गणित चालू असतं.

ते गणित कुठून येतं, हे कळलं की तुमचा निम्मा राग विरघळेल. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्ध संपल्यावर उपासमारीतून आलेल्या लोकांना परत कसं जेवू घालायचं, हे त्याला शोधायचं होतं. या तरुणांनी सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून लढायला नकार दिला होता आणि प्रयोगासाठी स्वतःहून नाव दिलं होतं. सुमारे सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. एकालाही बारीक व्हायची हौस नव्हती. तरीही ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, कृती उतरवून ठेवू लागले. एक ताट तासभर चिवडत बसायचे. चिडचिडे झाले, मित्रांना टाळू लागले, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजायची. पुढे पोटभर मिळू लागलं तेव्हा काहींना थांबताच येईना. आपल्याकडे त्याला लोक भस्म्या म्हणाले असते.

तुमची बहीण तुम्हाला केक करून घालते आणि स्वतः खात नाही, यात ढोंग नाही. तिचा मेंदू भुकेला आहे, आणि भुकेला मेंदू अन्नाभोवती घिरट्या घालतो. ती तुटक बोलते, मैत्रिणींकडे जात नाही, स्वेटर घालून बसते, यातलं बरंचसं उपासमारीचं आहे. पोटात पुरेसं जाऊ लागलं की तुमची मूळची बहीण हळूहळू परत दिसायला लागते. समुपदेशनाने मन सुधारू आणि मग ती जेवेल, हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. आधी जेवण, मग मन. अ‍ॅनोरेक्सियावर थेट चालणारी गोळी नाही, अन्न हेच तिचं पहिलं औषध. बुलिमियात, म्हणजे भरभरून खाणं आणि मग ते बाहेर काढणं या आजारात, फ्लुओक्सेटीन या औषधाचा उपयोग होतो, पण हे तज्ज्ञांनी ठरवायचं. हिच्यात दोन्हींची लक्षणं मिसळलेली दिसतात, नाव काय द्यायचं ते त्यांच्यावर सोडा.

एक आपल्याकडची गोष्टही सांगते. ‘मला जाड व्हायची भीती वाटते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत असतं, आमच्या ओपीडीत ते दर वेळी येत नाही. हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी नव्वदच्या दशकात असे रुग्ण नोंदवले होते, जे वजनाबद्दल अवाक्षर काढत नाहीत, फक्त ‘पोट भरलंय’, ‘गॅस होतो’, ‘भूकच नाही’ म्हणतात. इथेही तेच. पोटाच्या डॉक्टरांकडे दोन-दोन वर्षं फिरून मग ही मुलं आमच्यापर्यंत पोचतात. आणि उपवास! आधी फक्त संकष्टी, मग सोमवार, मग एकादशी, मग ‘मी नवरात्राचे नऊ दिवस धरणार’. घरातली आजी कौतुक करते, पोरीला देवाचं वेड आहे म्हणते. ज्या उपवासाला साबुदाण्याची खिचडीही चालत नाही आणि जो सुटायची वेळ आली की लांबतो, तो उपवास देवाचा नसतो. आजारपणात उपवास करायचा नसतो हे आपल्या धर्मातच आहे, हे आजीच्याच तोंडून वदवून घ्या.

आता तुमची जागा. याबद्दल मी जरा ठामपणे बोलणार आहे, कारण मोठ्या बहिणी इथेच चुकतात. लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये ऐंशीच्या दशकात एक उपचारपद्धत उभी राहिली. मुलीच्या जेवणाची सूत्रं काही काळ पूर्णपणे आईवडिलांच्या हातात द्यायची, वजन सावरलं की ती तिच्या हातात हळूहळू परत द्यायची, आणि मग वयात येण्याचे बाकीचे प्रश्न हाताळायचे, असे तिचे तीन टप्पे. किशोरवयीन अ‍ॅनोरेक्सियासाठी आज जगभर तीच पहिली निवड मानतात. त्या पद्धतीत भावंडांचं काम वेगळं काढलेलं आहे: ताटात काय आणि किती, हे आईबाबा बघणार. भावंडाने फक्त तिच्या बाजूला राहायचं.

म्हणजे तुम्ही तिचे घास मोजायचे नाहीत. बाथरूमच्या दाराला कान लावायचा नाही. तिचा मोबाइल तपासून आईला बातम्या द्यायच्या नाहीत. तुम्ही दुसरी आई झालात, तर तिला आया दोन होतील आणि बहीण एकही उरणार नाही. आमच्याकडे एक कुटुंब यायचं. आजारी मुलीचा धाकटा भाऊ 11 वर्षांचा. त्याला आम्ही एकच काम दिलं होतं, जेवण झालं की ताईबरोबर कॅरम खेळायचा. तो हरला की आरडाओरडा करायचा, खोट्या सोंगट्या मारायचा, ती वैतागायची. त्या तासाभरात तिला उलटी काढायला उठता आलं नाही, आणि आपल्यावर पहारा आहे असंही तिला वाटलं नाही. आईबाबांनी सांगितलेल्या कितीतरी गोष्टींपेक्षा तो कॅरम जास्त कामाला आला.

तेव्हा शनिवार-रविवारी जेवताना तिच्या शेजारी बसा. समोर नको, समोर बसलं की नजर ताटात जाते. जे घरात शिजलंय ते स्वतःच्या ताटात नेहमीसारखं वाढून घ्या, भातासकट, तुपासकट. गप्पा ऑफिसच्या मारा, शेजारच्या काकूंच्या मारा. खाण्याच्या, व्यायामाच्या, कुणाच्या लग्नात कोण किती सुटलंय याच्या नकोत. ती अडकली, घास हातात धरून बसली, तर एवढंच म्हणा, ‘अवघड जातंय ना. मी आहे इथे, घे सावकाश.’ वाद घालू नका. ‘एका चमच्याने काय होतंय’ हा युक्तिवाद ती रोज स्वतःशी करून हरते, तुम्ही केलात तरी तो हरेल. आईने ठरवलेलं ताट असेल तर तुमच्याकडे वाटाघाटी येतील, ‘ताई, तू सांग ना आईला, आज पोळी एकच.’ तिथे पक्षांतर करू नका. ‘ते आईचं आणि डॉक्टरांचं खातं, मी फक्त गप्पांच्या खात्यात’ असं हसत म्हणून मोकळं व्हा.

जेवणानंतरचा तास सगळ्यांत कठीण. त्या वेळी तिच्या पोटात अन्न असतं आणि डोक्यात कल्लोळ. हा तास तुमचा. पत्ते, एखादी मालिका, केसांना तेल लावून देणं. तेल लावताना केस हातात येतील, मुठीने येतील. तुमचा चेहरा तिला समोरच्या आरशात दिसतो, हे लक्षात ठेवा. ‘अगं बाई, किती गळतायत’ हे तोंडातून निघू देऊ नका, पोट भरू लागलं की केस परत येतात. शतपावली मात्र नको. तिच्या शतपावलीला शंभरावर थांबणं जमत नसतं. आणि तरीही कधी उलटी झालीच, तर ओरडू नका. चूळ भरायला साधं पाणी द्या, लगेच ब्रश करू देऊ नका, कारण आम्लाने मऊ पडलेलं दातांचं आवरण ब्रशने खरवडलं जातं. आणि आईला सांगायचं, तिच्यासमोर.

आईशी बोलायचं काम मात्र तुमचंच आहे, आणि ते स्वयंपाकघरात, बहीण क्लासला गेल्यावर. ‘तू जेवली नाहीस तर मीही जेवणार नाही’ हे आईचं अस्त्र अगदी घरोघरचं. या आजारात ते उलटतं. आईला उपाशी बसलेलं बघून तिला अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटलं की ती स्वतःला शिक्षा करते. ती शिक्षा म्हणजे पुन्हा न जेवणं. आईला पोटभर जेवायला सांगा, लेकीसमोर. शपथा, हातापाया पडणं, ‘शेजारच्यांची मुलगी बघ’ हे सगळं बंद. ‘ताटात काही टाकायचं नाही’ हा आपल्या घरांतला नियमही काही महिने बाजूला ठेवावा लागतो. आणि भांडण मुलीशी नसून आजाराशी आहे, हे आईला सोप्या शब्दांत सांगा. काही घरांत त्या आजाराला टोपणनाव ठेवतात, ‘आज तिच्या अंगात ती बया आली होती.’ हे आवडो न आवडो, काहींना त्याने फार मोकळं वाटतं. तुमच्या बहिणीला ते चिडवल्यासारखं वाटलं तर सोडून द्या.

एक इशारा आईच्या मायेसाठी. तपासण्या होईपर्यंत रविवारी पुरणपोळ्या, सोमवारी मटण असा सपाटा लावायचा नाही. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने घसरतं आणि जीवावर बेतू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. किती आणि कशा पायऱ्यांनी वाढवायचं, हे डॉक्टर ठरवतील. मी इथे कॅलरीचे आणि वजनाचे आकडे मुद्दामच देत नाही, कारण हे उत्तर तीही वाचू शकते आणि आकड्यांशी तिची स्पर्धा लागते. घरात वजनकाटा असेल तर तो उचलून पुण्याला घेऊन या.

बोलण्यातल्या एका शब्दावर थांबते. तो शब्द ‘तब्येत’. आपल्याकडे ‘तब्येत सुधारली हं’ हे कौतुक असतं आणि त्याचाच अर्थ ‘जाड झालीस’ असाही होतो. चार महिन्यांनी तिच्या गालावर जरा रंग येईल, तेव्हा आत्या येईल आणि लाडाने म्हणेल, ‘आता कशी भरल्यासारखी दिसतेस, अंगी लागलं गं बाई.’ त्या एका वाक्याने पंधरा दिवसांची मेहनत वाहून गेलेली मी पाहिली आहे. ‘बारीक झालीस’ तर त्याहून वाईट, कारण तिच्या कानांना ते बक्षीस वाटतं. म्हणून शरीराबद्दल काहीच नको, चांगलंही नको. ‘आज खूप दिवसांनी हसलीस’ हे चालेल. आत्या, मावशी, समोरच्या काकू यांना सणाच्या आधी फोन करायचा आणि बजावायचं, आणि तो फोन तुम्ही करायचा. आईला नातेवाइकांसमोर ते जमणार नाही. आजाराचं नाव सांगायची गरज नाही, ‘तिच्या दिसण्याबद्दल आणि खाण्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढं पुरतं. ‘लग्नाच्या वेळी अडचण येईल, कुणाला कळायला नको’ असा सूर आईकडून येईल. त्यावर वाद घालण्यात आज शक्ती घालवू नका.

आता तुमच्या जिमबद्दल. नाही, तुमच्यामुळे हे झालेलं नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्यावर स्वभाव, म्हणजे सगळं बिनचूकच हवं असं वाटणारा, स्वतःला माफ न करणारा. त्यावर वय, परीक्षा, मैत्रिणींचे शेरे, रील्स. डाएट ही काडी असते खरी, पण एकाच घरात दोघी डाएट करतात, एक दोन महिन्यांत कंटाळून वडापाव खाते आणि दुसरी अडकते. कंटाळलेली ती तुम्ही होतात. तुम्हाला जे करता येईल ते एवढंच: घरी असताना वजनाबद्दल बोलायचं नाही, जिमचे फोटो काही काळ घरच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, आणि तिला एकदा सांगायचं, ‘मी तेव्हा सारखी स्वतःला नावं ठेवायचे, ते चुकीचं होतं.’ माफीचा मोठा सोहळा नको. तुम्ही रडू लागलात तर तिला तुमचीच समजूत काढावी लागते.

याच कारणासाठी एक नाजूक गोष्ट विचारते. तुमचं खाणं कसं आहे? सख्ख्या भावंडांना या आजाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. जिम सुटल्यावर जेवणाबद्दल धाकधूक, जास्त खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी न जेवणं असलं काही असेल, तर ते बाजूला सारू नका, तुमच्यासाठीही वेळ घ्या. आणि चीड येईल, ती येऊ द्या. घरचा प्रत्येक फोन तिच्यापासून सुरू होऊन तिच्यावरच संपेल. तुमची बढती, तुमचा ताप, तुमचं मोडलेलं मन कुणी विचारणार नाही. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार पुण्यातच राहा, मैत्रिणींबरोबर कुठेतरी जा. हा आजार महिन्यांत नाही, बहुतेकदा वर्षांत मोजायचा असतो. पुष्कळ जणी पूर्ण बऱ्या होतात, पण मध्ये दोन पावलं मागे येतात, आणि ती नेमकी सगळ्यांना हायसं वाटू लागल्यावर येतात. दर आठवड्याला जीव टांगून तुम्हाला तेवढं अंतर चालता येणार नाही.

ज्यांच्या घरी हे भावाचं आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी. मुलांमध्ये आजार ‘कटिंग’, ‘सिक्स पॅक’, ‘भरतीसाठी वजन’ अशा नावांनी येतो. तो फक्त उकडलेली अंडी आणि प्रोटीन पावडर यांवर जगतो, पोळी बघून घाबरतो, एक दिवस जिम चुकली तर घर डोक्यावर घेतो, आणि सगळे त्याला शिस्तीचा म्हणतात. वजन कमी दिसलंच पाहिजे असंही नाही. जाड मुलगा झपाट्याने उतरला तर तो तितकाच आजारी असू शकतो. वर लिहिलेलं सगळं त्यालाही लागू.

राहिल्या जीन्स. देऊ नका. दुसऱ्यांच्या, जुन्या, घट्ट कपड्यांचा या मुली वजनकाट्यासारखा वापर करतात. सकाळी चढवून बघायची, बटण लागतं का, किती सैल होते, त्यावर दिवस कसा जाणार हे ठरतं. तुमची जीन्स तर त्याहून वाईट, ती ताईला मागे टाकल्याचा पुरावा होईल. तिला सरळ सांगा, ‘त्या मी देऊन टाकल्या,’ आणि खरंच देऊन टाका, खोटं बोलू नका. तिच्या कपाटातलेही लहान झालेले कपडे पुढे हलवावे लागतील, पण ते आत्ता नाही, तिने होकार दिल्यावर, दोघींनी मिळून. तोवर पुण्याहून येताना तिच्यासाठी एखादा सैल कुर्ता आणा, साइजचं लेबल घरी पोचायच्या आधीच कात्रीने कापून टाकलेला.